लगामाची टटल मोटार

आमचा कारखाना का बंद पडला यावर गावात आता सतराशे साठ कथा सांगतात. न्हाव्याच्या दुकानात म्हणे, टटलच्या इंजिनात दमच नव्हता. चर्चच्या पायऱ्यांवर म्हणे, डेट्रॉइटच्या बड्या मोटारवाल्यांनी आम्हाला चिरडलं. परवा तर दाणेवाल्याचा नवा कारकून मला, अहो मला, समजावून सांगत होता की म्हाताऱ्या एलम टटलला धंदाच कळत नव्हता. मी म्हटलं, "बाळा, तू कोंबड्यांचा दाणा मोज. तू रांगत होतास तेव्हा मी त्या मोटारींच्या गाद्या शिवत होते." इंजिन उत्तम होतं. डेट्रॉइटवाल्यांना आमचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि एलमला धंदा कळत नव्हता हे खरं आहे, पण ते मी म्हणायचं. मी त्याची बायको आहे. त्या टिनपाटाने कशाला म्हणायचं?

तर खरं काय झालं ते सांगते.

टॅलो क्रीक गावात आमचा बग्ग्यांचा कारखाना होता. इंडियाना राज्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांच्या अंगणात टटलची बग्गी उभी असायची. लोहारकामाला रूडी, रंगाला दोघे भाऊ, सुतार, चाकं बांधणारे, अशी तीसेक माणसं. गाद्या, टप आणि पडदे माझ्याकडे. माझ्या गादीत घोड्याचे केस भरलेले असत, गवत नाही, आणि ते मी स्वतः पिंजून घ्यायची. आमच्या बग्गीत बसलं की माणसाची कंबर दुखायची थांबते असं लोक म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता. अजून आहे.

मग त्या टपालाच्या बग्ग्या आल्या. पुस्तकात चित्र बघायचं, पैसे पाठवायचे, की आगगाडीने खोक्यातून बग्गी दारात. आमच्या निम्म्या किमतीत! रूडीने एकदा त्यातल्या एकीचा सांधा हाताने हलवून दाखवला, तर खिळा त्याच्या तळहातावर आला. पण लोकांना स्वस्त ते गोड लागतं. दोन वर्षांत आमच्या अंगणात विकल्या न गेलेल्या बग्ग्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि एलमने रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. तोंडाने काही बोलायचा नाही. तो तसाही बोलत नाही.

एक दिवस कॉफी पिताना म्हणाला, "हेटी, मोटार करायची."

"कर," मी म्हटलं. "आणि उद्या विमान कर."

"नाही, ऐक तर खरं. आपलं गिऱ्हाईक कोण? शेतकरी, दूधवाला, डॉक्टर. जन्मभर त्यांच्या हातात लगाम. आता या वयात त्यांना म्हणायचं की वळवायला हे गोल चाक धर, हा दांडा ओढ, तो दाब? म्हणून तर ते मोटारीला भितात. आपण लगामाची मोटार करू."

मी हसले. पण त्याने ती केली. बग्गीसारखीच बग्गी, उंच चाकांची, इंजिन आसनाखाली. पुढून दोन चामड्याचे लगाम यायचे. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. दोन्ही मागे ओढले की गाडी थांबायची. सैल सोडले की चाकं आपोआप सरळ व्हायची आणि गाडी चालू लागायची. घोडा जसा वागतो, अगदी तसंच. चाबूक खोचायची नळीसुद्धा लावली होती पठ्ठ्याने. मी विचारलं, "चाबूक मारणार कुणाला? इंजिनाला?"

"नळी नसली की बग्गी नागडी दिसते," तो म्हणाला.

आता काय बोलायचं अशा माणसाला! पण खरं सांगते, पहिल्यांदा ती मोटार घेऊन तो अंगणातून बाहेर पडला ना, लगाम हातात, पाठ ताठ, तेव्हा त्याच्याकडे बघून मला आमच्या लग्नाआधीचा एलम आठवला. मी टोपीची पिन सापडत नसल्यासारखं करून आत गेले, कारण डोळे भरून आले होते आणि रूडी बघत होता.

आम्ही पाच मोटारी केल्या. पहिली डॉक्टर पेरीनने घेतली. तो एलमचा बालमित्र, आणि त्याची घोडी म्हातारी झाली होती. उरलेल्या चार अंगणात. आणि मग इंडियानापोलिसहून निरोप आला. लायमन बकनर म्हणून कुणी व्यापारी होता, नांगर आणि कापणीयंत्रं विकणारा, त्याची गावोगाव दुकानं होती. त्याने टटल मोटारीबद्दल ऐकलं होतं. बुधवारी येऊन बघतो म्हणाला, पसंत पडली तर साठ मोटारी घेईन.

साठ! कारखान्यात त्या दिवशी सगळे एकमेकांशी उगाच प्रेमाने बोलत होते. कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं की ही मागणी मिळाली तर कारखाना वाचला, आणि नाही मिळाली तर नोव्हेंबरातल्या टर्कीच्या सणापर्यंत दाराला कुलूप. रूडीची बायको तेव्हा पोटुशी होती. रंगवाल्या भावांनी घर घ्यायला काढलं होतं. मी स्वतः बकनरच्या जेवणाला कुठली कोंबडी कापायची ते ठरवून टाकलं होतं.

त्या बुधवारच्या आधीचा रविवार. आम्ही माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो. लव्हिना पलीकडच्या गावात राहते, दर महिन्याला एक रविवार तिच्याकडे ठरलेला. या खेपेला मोटारीने गेलो, म्हणजे तिच्या नवऱ्यापुढे जरा मिरवता येईल. मिरवलं. लव्हिनाने तळलेली कोंबडी, डंपलिंगचे उकडलेले गोळे, वर साय घातलेले पीच असं काही जेवू घातलं की खुर्चीतून उठवेना. चारच्या सुमाराला निघालो. ऊन कलतं, मक्याची शेतं दोन्ही बाजूंना, वारा मंद.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात परतीच्या वाटेवर सगळे झोपतात. बाजारातून येणारा शेतकरी झोपतो, दूधवाला झोपतो, पाद्रीसुद्धा दुसऱ्या गावातलं प्रवचन आटोपून येताना झोपतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. लगाम सैल सोडायचा, हनुवटी छातीवर टेकवायची. घोड्याला घर माहीत असतं. आमची डचेस तर गिरणीपाशी वळण घ्यायची, लाकडी पुलावर पाय जपून टाकायची, समोरून गाडी आली तर कडेला उभी राहायची, आणि फाटकाशी पोचली की फुरफुरायची. त्या फुरफुरण्याने आम्हाला जाग यायची. लग्न झाल्यापासून लव्हिनाकडून परत येतानाचा अर्धा रस्ता मी कधी बघितलेलाच नाही.

तुम्ही ओळखलंच असेल.

मला जाग आली ती पाय गार पडले म्हणून. बघते तर गुडघ्यापर्यंत पाणी. माझी टोपी पुढे तरंगत चाललेली आणि बदकं तिच्याभोवती जमलेली. आम्ही गिरणीच्या तळ्यात होतो. रस्ता डावीकडे वळला होता, आम्ही सरळ गेलो होतो. आणि शेजारी हा माझा नवरा, डोळे अजून मिटलेले, दोन्ही लगाम पोटाशी ओढून धरून मोठमोठ्याने म्हणतोय, "थांब, डचेस! हो, बाई, हो!"

"डचेस तबेल्यात आहे, मेल्या!" मी ओरडले. "ऊठ!"

गिरणीवाला काठावर आला. त्याच्या गळ्यात अजून जेवणाचा रुमाल होता. त्याने आमच्याकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "एलम, पाणी पाजायला आणलीस का?"

खेचरं लावून त्याने आम्हाला बाहेर काढलं. मी त्याला तिथल्या तिथे आल्याचा केक कबूल केला, दोन केक, आणि बुधवारपर्यंत हूं की चूं करायचं नाही असं बजावलं. बाकी मोटारीला काही झालं नव्हतं. चिखल, शेवाळ आणि माझी गादी भिजून दगड झालेली. सोमवारी इंजिन उघडून पुसलं, वाळवलं, ते पुन्हा सुरू झालं. कारखान्यातल्या लोकांना सांगितलं, वासरू आडवं आलं. माझा जीव भांड्यात पडला.

एलमचा नाही पडला. तो सोमवारभर त्या मोटारीपाशी बसून होता. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाला, "हेटी, आपण का झोपलो?"

"लव्हिनाच्या डंपलिंगमुळे."

"नाही. मी गेल्या वर्षी त्या ओहायोवाल्याची हाताने फिरवायच्या चाकाची मोटार चालवली होती ना, दिवसभर? अंग मोडून आलं होतं, पण डोळा लागला नाही. लागूच शकत नाही. हातात ते चाक म्हणजे सारखी धास्ती. काल हातात लगाम होता. हाताला वाटलं पुढे घोडा आहे. हाताला वाटलं आणि डोळे मिटले."

"बरं, मग?"

"मग काय? आपण ही मोटार कुणासाठी केली? जे घोड्यामागे झोपतात त्यांच्यासाठीच. तळं होतं म्हणून बरं. पुढे रेल्वेचं फाटक आहे."

त्याचं बरोबर होतं ते मला लगेच कळलं. आणि कळलं म्हणूनच मी भडकले. "एलम टटल," मी म्हटलं, "बुधवारी तो माणूस येतोय. तीस घरांच्या चुली त्याच्या हातात आहेत. तू त्याच्यासमोर या तळ्याबद्दल अवाक्षर काढलंस तर मी उठून लव्हिनाकडे जाईन आणि परत येणार नाही. आधी मागणी घे. मग लगाम काढ, चाक लाव, शिडी लाव, काय वाटेल ते कर. शपथ घे."

त्याने शपथ घेतली. माझ्या गळ्याची घेतली, मी घ्यायला लावली. शपथ म्हणजे शपथ, आमचा एलम ती मोडणाऱ्यातला नाही.

पण मंगळवारी सकाळी तो डॉक्टर पेरीनकडे गेला. म्हणाला, "तुझी मोटार परत दे. पैसे परत देतो. नाहीतर महिन्याभरात चाक बसवून देतो, सुटे भाग टोलेडोहून यावे लागतील."

डॉक्टरने कारण विचारलं. एलमने त्याला सगळं सांगितलं, कारण शपथ फक्त बकनरसाठी होती. हे असं काटेकोर! डॉक्टर पोट धरून हसला. "एलम, अरे मी रात्री बाळंतपणं करतो, दिवसा लोकांच्या घशात बघतो. मी गाडीत झोपलो नाही तर झोपू कधी? माझी मोटार, माझी मान."

"मान तुझी," एलम म्हणाला, "पण लगाम माझे आहेत."

डॉक्टरने त्याला सफरचंदाचं सरबत पाजून घरी पाठवलं.

बुधवारी बकनर आला. गोल, गुलाबी, हसरा माणूस, सोन्याची साखळी पोटावर. मला तो आवडला, लपवत नाही. कोंबडीचे तीन तुकडे घेतले त्याने, बिस्किटांच्या मऊ पावांनी ताटातला रस्सा पुसून खाल्ला आणि म्हणाला, "मिसेस टटल, तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर मी तुमच्या नवऱ्यालाही ठेवून घेईन." जेवून आम्ही फेरीला निघालो. बकनरने स्वतः लगाम घेतले, एलम त्याच्या शेजारी, मी मागे. मी नवी गादी बसवली होती, रात्रभर जागून, ढिगाने केस भरून. कारखान्याच्या फाटकाशी सगळे टोप्या हलवत उभे होते.

नदीपर्यंत गेलो. बकनर लहान पोरासारखा खूष. "उजवा ओढला की उजवीकडे! वाहवा! मला काही शिकावंच लागलं नाही!" परत फिरलो. ऊन, मका, मंद वारा. बकनरची बडबड हळूहळू कमी झाली. मग थांबली. मी मागून बघत होते. त्याची मान एकदा पुढे झुकली, सावरली, पुन्हा झुकली. लगाम त्याच्या मांडीवर सैल पडले. एलमने काही न बोलता ते उचलून घेतले आणि वळणावर गाडी डावीकडे घेतली. तळ्यापाशी बदकं होती. बकनर घोरत होता.

मी तोंड दाबून बसले. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळेना.

फाटकाशी एलमने दोन्ही लगाम ओढले. धक्क्याने बकनर जागा झाला. शरमला असेल म्हणता? छे! त्याने मांडीवर थाप मारली. "टटलसाहेब, मला डुलकी लागली! मोटारीत! ऐका, लोक मोटारीला का भितात? त्यांना वाटतं जीव मुठीत धरून बसावं लागेल. आणि इथे माणूस आरामात झोपतो! हेच छापायचं जाहिरातीत. 'टटल मोटार, घरच्या घोड्यासारखी.' साठ नाही, शंभर घेतो. अट एकच, लगाम काढायचे नाहीत. चाकवाल्या मोटारी ढिगाने मिळतात, माझ्या शेतकऱ्यांना त्या नकोत."

शंभर! फाटकाशी उभ्या रूडीने ते ऐकलं. त्याने टोपी हवेत फेकली. कुणीतरी शिटी मारली.

एलम उतरला नाही. तो जागच्या जागी वळला आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. तोंड घट्ट मिटलेलं, शपथ घातलेली ना! आणि डोळ्यांत असं काही होतं की मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, जास्तीची भाजीसुद्धा नाही. आता मागत होता. मला सोडव म्हणत होता.

मी फाटकाकडे बघितलं. रूडी, रंगवाले भाऊ, माझ्या शिवणखात्यातल्या दोन पोरी, एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या. मनात म्हटलं, देवा, थोडा वेळ तरी. आज मागणी घेऊ, उद्या बघू. पण मला समोर ते झुकलेलं गुलाबी डोकं दिसत होतं. हा माणूस चांगला जेवून, माझ्या गादीवर बसून, भर दिवसा झोपला होता. त्याच्यासारखे शंभर.

"मिस्टर बकनर," मी म्हटलं, "गेल्या रविवारी आम्ही दोघं या मोटारीत झोपलो आणि गिरणीच्या तळ्यात गेलो. आज एलमने लगाम धरले नसते तर तुम्हीही गेला असता. ही मोटार घरच्या घोड्यासारखी नाही. हिला घर माहीत नाही."

बकनर हसला. "बाई, पण तुम्ही जिवंत आहात! एक-दोघे भिजतील, त्यात काय? लोक घोड्यावरूनही पडतात."

आता एलमची शपथ सुटली होती. "चाक लावून देतो," तो म्हणाला. "त्याच किमतीत. लगामाची एकही देणार नाही."

"मग मला टटल कशाला हवी?" बकनर म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याने खरंच पुन्हा पुन्हा समजावून बघितलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "इतकी चांगली कोंबडी आणि इतका हट्टी नवरा, दोन्ही एका घरात!" त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर चार शिव्या देऊन गेला असता.

शिव्या रूडीने दिल्या. जमिनीवरची टोपी उचलून पुन्हा जमिनीवर आपटली आणि मला म्हणाला, "तळ्यात पडलात ना? मग पोहून निघायचं होतं तोंड मिटून! तुमच्या जिभेला हाड नाही, बाई!" त्याचं बाळ दिवाळखोरीतच जन्माला येणार होतं आणि ते मी केलं होतं. एलमने सगळ्यांना आत बोलावलं, बग्ग्या विकून जेवढे दिवस पगार देता येईल तेवढे देतो म्हणाला. मग बाहेर येऊन त्याने चारही मोटारींचे लगाम कापले.

उरली डॉक्टरची.

डॉक्टर काही ती देईना. तेव्हा आमच्या या शहाण्याने काय केलं? दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरच्या दारात जाऊन बसला. डॉक्टर रोग्याकडे निघाला की हा शेजारी चढायचा. "टोलेडोहून भाग येईपर्यंत मी तुला जागा ठेवणार," म्हणायचा. डॉक्टर हसायचा, चिडायचा, ढकलून द्यायचा. हा पुन्हा चढायचा. आता जागं ठेवायचं म्हणजे बोलायला हवं, आणि एलमला बोलायला येतं कुठे? दोन दिवसांनी मला कळलं की डॉक्टर झोपतो आणि हा त्याच्या शेजारी डोळे ताणून बसतो. स्वतः त्या रविवारपासून धड झोपला नव्हता. चेहरा राखेसारखा झालेला.

"सरक," मी म्हटलं आणि मागे चढून बसले.

पुढे काय सांगू! मी जे बोलायला सुरुवात केली! लव्हिनाच्या सासूचं पित्त, पाद्र्याच्या बायकोचा नवा पियानो, कुणाच्या कोंबड्या कुणाच्या अंगणात अंडी घालतात, सगळं. डॉक्टरची मान झुकली की मी आवाज चढवायची. शेतातले लोक कामं थांबवून बघायचे. मोटारीत पुढे दोन म्हातारे, डोळे तांबारलेले, आणि मागे मी. "हेटी, तुझा गळा कधी बसत नाही का?" डॉक्टर विचारायचा. "बसला की तूच औषध देशील," मी म्हणायची. कारखान्याचं काय होणार याचा विचार करायला मला तेव्हा फुरसतच नव्हती.

मग एका शनिवारी एलमला ताप आला आणि मी त्याच्यापाशी थांबले. डॉक्टर एकटा गेला.

दुपारी तो आमच्या दारात आला. चालत. आमच्या ओसरीवर बसला आणि कितीतरी वेळ हॅट हातात फिरवत राहिला. एलम घोंगडी पांघरून बाहेर आला.

"शाळेचं कुंपण मोडलं," डॉक्टर म्हणाला. "मला जाग आली तेव्हा मी मैदानात होतो. झोपाळ्याच्या खांबाला लागून गाडी थांबली." मग म्हणाला, "शनिवार होता, एलम. कुणी नव्हतं."

त्या शाळेतली निम्मी पोरं डॉक्टरच्याच हातून जन्माला आलेली.

"घेऊन ये ती," डॉक्टर म्हणाला.

एलम तापातच उठला. मी नको म्हणून ओरडले, त्याने ऐकलं नाही. दोघे म्हातारे जाऊन डचेसला जुंपून मोटार ओढत घेऊन आले, आणि एलमने अंगणात उभं राहून शेवटचे दोन लगाम कापले. मग घरात येऊन, बूट न काढता, भर दुपारी पलंगावर आडवा झाला. मी बूट काढेपर्यंत झोपला होता. तोंड उघडं टाकून, घोरत. कितीतरी दिवसांनी.

खिडकीतून मला कारखाना दिसत होता. धुराडं गार. अंगणात पाच मोटारी, लगाम नसलेल्या, आणि पलीकडे रूडीचं सामान लादून घेणारी गाडी, कारण त्याला टोलेडोत काम मिळालं होतं. तेव्हा मला रडू कोसळलं. आवाज होऊ नये म्हणून मी उशी तोंडाशी धरली आणि कारखान्यासाठी पोटभर रडले. आणि मध्ये मध्ये थांबून एलम झोपलाय ना, ते बघत होते.